थांबू काय?

कुडाळच्या त्या दवाखान्यात तीन टेबलं आहेत आणि त्यांच्यामध्ये हिरवे पडदे. पडदे जमिनीपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे पलीकडच्या माणसाचं तोंड दिसत नाही, पण टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला दिसतात. त्या दिवशी पलीकडे निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला होत्या, ओल्या, टाचेपाशी वाळू चिकटलेल्या. शेजारी एक कापडी पिशवी टेकवलेली होती आणि तिच्यातून खाऱ्या बांगड्याचा वास येत होता, मलमाच्या वासालाही न जुमानणारा. मी डाव्या कुशीवर पडून उजव्या खांद्यावर शेक घेत होते. बाहेर पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. फिजिओथेरपिस्ट मुलगी पलीकडच्या बाईच्या कमरेवर काम करत होती. 'काकी, दुखता?' तिने विचारलं. 'दुखांदे गो, दाब तू. माका सवय आसा,' असं उत्तर आलं. त्यानंतर बराच वेळ फक्त तेलाचा हात कातडीवरून सरकल्याचा आवाज आणि मधूनच नाकावाटे सोडलेला एखादा लांब श्वास. कमरेतल्या गाठीत अंगठा रुतला की माणूस टेबलाची कड घट्ट धरतो, देवाचं नाव घेतो, हे मी त्या खोलीत पुष्कळदा ऐकलं आहे. ही बाई काही म्हणजे काही बोलली नाही. मग मुलीने विचारलं, 'थांबू काय?' उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं, 'काकी, थांबू काय जरा?' आणि पडद्यापलीकडून रडण्याचा आवाज आला.

दुखल्यामुळे येणारं रडणं ओळखता येतं. ते तुटक असतं, त्यात धाप असते. हे तसं नव्हतं. हे आतून सैल होत आलेलं, लांबत गेलेलं रडणं होतं, आणि त्यात त्या बाईला स्वतःलाच वाटलेलं आश्चर्यही होतं. मुलगी काही बोलली नाही. तिने हात काढून घेतला नसावा, कारण टेबलापासून दूर जाणारी पावलं मला ऐकू आली नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्याचं असं काही आपल्या कानावर पडू नये असं वाटत होतं, आणि तरी कान तिकडेच होते.

अंगठ्याला जी बाई बधली नाही, ती त्या दोन शब्दांनी रडली. का, हे मला अजून पुरतं सुटलेलं नाही.

माझा खांदा गोठला आहे. फ्रोझन शोल्डर. आमच्याकडे आता मासे विकणाऱ्या बाईपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना हा शब्द पाठ आहे, कारण प्रत्येकाच्या घरात एकाला तरी तो होऊन गेलेला असतो. चाळिशी ते साठी या वयातल्या बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना तो जास्त गाठतो, आणि मी दोन्हींत बसते. बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनने १९३४ साली त्याला हे नाव दिलं, आणि सोबत लिहून ठेवलं की याची व्याख्या करणं अवघड, उपचार करणं अवघड आणि कारण सांगणंही अवघड. नव्वद वर्षं उलटली, त्याच्या म्हणण्यात फारसा फरक करावा लागलेला नाही. सांध्याभोवतीचं वेष्टण सुजतं, जाड होतं, आकसतं. आधी दुखण्याचे महिने, मग ताठरलेपणाचे, मग सैल होण्याचे. वर्ष, दोन वर्षं, कधी तीन. तोवर झंपरचं मागचं हूक लागत नाही, फळीवरचा पोह्यांचा डबा निघत नाही, आंबाडा घालता येत नाही. रात्री झोपेत कूस बदलली की खांद्यातून जी कळ निघते तिने माणूस उठून बसतो, आणि मग पहाटेपर्यंत माडांच्या झावळ्यांचा आवाज ऐकत बसण्याखेरीज काही उरत नाही. वाचन मी त्याच वेळी केलं. दुखणं म्हणजे काय, हे जागं राहिलेल्या माणसाला वाचावंसं वाटतंच.

पहिल्या दिवशी त्या मुलीने माझ्या खांद्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काहीच केलं नाही. गरम, तेलकट, जड हात. मी वाट बघत होते की आता ओढेल, आता दाबेल. ती नुसती थांबली होती. त्या थांबण्यात मला एकदम जाणवलं की माझ्या अंगाला असा कुणाचा हात लागून किती काळ लोटला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या अंगाला कोण हात लावतं? बांगड्या भरणारा. माप घेणारी शिंपीण. रक्तदाब बघणारी नर्स. मुलं मोठी झाली की तीही पाया पडण्यापुरतीच जवळ येतात. घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला तेल आपण लावायचं, तापात कपाळावर पट्ट्या आपण ठेवायच्या, पोटऱ्या वळल्या की आपण चोळायच्या. हात द्यायची इतकी सवय होते की घ्यायचा कसा ते अंग विसरून जातं. माझा खांदा तिच्या हाताखाली सैल व्हायच्या ऐवजी आणखी वर चढला होता. तिने तेवढंच सांगितलं, 'मावशी, खांदा माझ्याकडे सोडा. मी धरलाय.'

लहानपणी आमच्या घरात पाय तुडवण्याचं काम नातवंडांचं होतं. जेवणानंतर आजोबा ओटीवर पालथे पडत आणि जो हाताला लागेल त्याला हाक मारत. भिंतीला हात टेकवून त्यांच्या पोटऱ्यांवर उभं राहायचं, मग मांड्यांवर, मग हळूच कमरेवर. पायाखाली ती जाड, केसाळ पोटरी सरकायची, घसरायला व्हायचं, आम्ही खिदळायचो. आजोबा डोळे मिटून हुकूम सोडायचे. 'हंयसर. जरा वर. थंयच रव.' मग एक लांब हुंकार यायचा, त्यात दुखणंही असायचं आणि सुखही, आणि आम्हा पोरांना कळायचं की बरोबर जागी पाय पडला आहे. थोड्या वेळाने ते म्हणायचे, 'उतर.' आम्ही तत्क्षणी उतरायचो. चिखलणी करून आलेल्या माणसाचे ते पाय होते, ठणकत असणार, आणि त्यांच्यावर एक अख्खं पोर उभं करणं काही सौम्य प्रकार नव्हता. पण कुठं, किती आणि कधीपर्यंत, हे सगळं त्यांच्या तोंडात होतं. मला आता वाटतं, त्यांच्या सुखाचा अर्धा भाग त्या 'उतर' म्हणण्यात होता.

आजीने कधी पाय तुडवायला सांगितल्याचं मला आठवत नाही.

आजी मालिश करायची. वाडीत कुणी बाळंत झालं की तिला बोलावणं यायचं, आणि माझ्या बाळंतपणात आजी राहिली नव्हती म्हणून तिच्याच हाताखाली शिकलेली एक बाई आली. पहाटे चुलाण पेटायचं, हंड्यातलं पाणी कढत व्हायचं, धुराने न्हाणी भरून जायची. ती मला पाटावर बसवायची आणि कोमट खोबरेल तेल घेऊन कमरेपासून सुरुवात करायची. तिचे अंगठे वाकडे होते, नखं तेलाने पिवळी पडलेली. ओटीपोटावर, माकडहाडाच्या बाजूंनी, मांडीच्या सांध्यात ती अशी दाबायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी 'दुखतंय' म्हटलं की ती म्हणायची, 'दुखूक व्हया, तेवाच बरा वाटतला.' आणि दारात उभी असलेली माझी आई म्हणायची, 'सोस जरा.' मग पाठीवर कढत पाण्याचे तांबे, मग बाजेखाली निखारे, ओव्याची धुरी, आणि मग अशी झोप की आयुष्यात पुन्हा तशी लागली नाही. त्या बाईचे उपकार माझ्यावर आहेत. माझं ढासळलेलं अंग तिने हातांनी परत उभं केलं. आणि तरी आज इतक्या वर्षांनी तिच्या हातांची आठवण आली की माझे गुडघे आपोआप जवळ येतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यातली एक सांगून दुसरी झाकावी असं मला वाटत नाही. तिला तरी कुणी विचारलं होतं का, तिच्या बाळंतपणात? तिच्या त्या वाकड्या अंगठ्यांना कुणी तेल लावलं होतं का?

सोसणं आमच्याकडे वाडवडिलांपासून आलं आहे, जमिनीसारखं, आणि जमिनीपेक्षा बायकांच्या वाट्याला ते जास्त आलं. दुखणाऱ्या अंगाला हात लावायच्या रीतीही तितक्याच जुन्या. उसण भरली की पायाळू माणसाकडे, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्याकडे, जायचं. आमच्या शेजारी एक काकी पायाळू होती. पाठ धरून आलेला माणूस ओणवा व्हायचा, आणि ती त्याच्या पाठीला हलकेच पाय लावायची. तेवढंच. माणूस थोडा ताठ होऊन घरी जायचा. दिवाळीत कारीट फोडून न्हाणीत शिरण्याआधी आई सगळ्यांना तेल चोळायची, कानांच्या पाळ्यांमागे, टाचांना, तळपायांना. आयुर्वेदाच्या जुन्या आचार्याने, वाग्भटाने, तेच सांगून ठेवलं आहे, की रोजच्या अभ्यंगाने म्हातारपण, थकवा आणि वात दूर राहतात, आणि डोकं, कान, पाय यांना तेल विशेष लावावं. मला त्याचं पुढचं सांगणं जास्त आवडतं. लगेच पुढे तो म्हणतो, कफाने ग्रासलेल्याने, शोधन झालेल्याने, म्हणजे वमन-विरेचनाने पोट साफ केलेल्याने, आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग करू नये. म्हणजे हात कधी लावावा याच्या सोबतच कधी आवरावा हेही त्याच्या मनात होतं.

जागरणात वाचलेल्या गोष्टींपैकी एक सांगते. दाराची चौकट कोपराला लागली की आपण लगेच कोपर चोळतो, आणि चोळल्यावर खरंच कमी दुखतं. असं का होतं याचं बरंचसं उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी दिलं. त्यांचं म्हणणं असं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. दुखण्याची खबर बारीक, सावकाश मज्जातंतूंवरून येते आणि स्पर्शाची खबर जाड, वेगवान तंतूंवरून. स्पर्शाची खबर जोरात आली की ते फाटक दुखण्यासाठी थोडं लोटलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेंदूकडून खाली येणारे निरोपही ते फाटक उघडू किंवा लोटू शकतात. भीती, चिंता, 'आता काय करणार आहेत माझं' ही धास्ती फाटक सताड उघडते. विश्वास ते लोटतो. पुढे या कल्पनेत तपशिलाचे बरेच बदल झाले, पण एकच अंगठा, तेवढ्याच जोराने, एका हातून छळ वाटतो आणि दुसऱ्या हातून उपचार, याचं कारण मला इथं पहिल्यांदा सापडलं.

आणि कातडीत आणखी एक वेगळ्याच जातीचे तंतू असतात, विशेषतः केस असलेल्या कातडीत. ते दाबाला फारसे बधत नाहीत. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने, अंगाइतक्या उबेचा हात कातडीवरून फिरला की ते सगळ्यांत जास्त जागे होतात. आई तान्ह्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवते तो हाच वेग, तिला कुणी शिकवलेला नसतो. त्यांची खबर मेंदूच्या त्या भागात पोचते जिथं बरं वाटतं, सुरक्षित वाटतं. ती मुलगी खोल दाबल्यानंतर दर वेळी तळहाताने संथपणे मानेपासून दंडापर्यंत उतरत येते. मला आधी वाटायचं, ती तेल पसरवते आहे. आता कळतं की तो उपचाराचाच भाग आहे, आणि माझ्या बाबतीत तरी निम्म्याहून मोठा.

या मुलीकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जात होते. तिथला माणूस बळकट होता आणि त्याची ख्याती अशी की तो 'मोकळं करून सोडतो'. त्याने माझा हात धरून असा वर खेचला की मला उलटीची भावना झाली. दुसऱ्या दिवशी दंडावर जांभळे डाग होते. लोक म्हणाले, रक्त फिरलं, चांगलं झालं. कुणी म्हणालं, साचलेलं ॲसिड बाहेर पडतं आहे. ते लॅक्टिक ॲसिड मेहनत थांबल्यावर तासाभरात अंग आपलं आपणच निपटून टाकतं, दिवसेंदिवस गाठीत दडून बसत नाही. जोरात दाबल्यावर एखाद-दोन दिवस ठणका राहणं समजू शकतं. काळंनिळं होणं म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटणं, त्यात औषध काही नाही. दुखलं म्हणजे लागू पडलं, ही समजूत आपल्या हाडीमांसी इतकी भिनली आहे की दुखलं नाही तर पैसे फुकट गेले असं वाटतं. २००४ साली नेदरलँड्समधल्या डर्क्स आणि स्टीव्हन्स या दोघांनी गोठलेल्या खांद्याच्या ७७ रुग्णांचा अभ्यास छापला. काहींना दुखण्याच्या पलीकडे जाऊन ताणण्याचे जोरकस उपचार दिले होते, आणि काहींना फक्त समजावून, दुखणार नाही इतपतच हालचाल करायला सांगून खांदा सांभाळायला लावलं होतं. दोन वर्षांनी सांभाळणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता. जोरकस उपचारवाल्यांत हे प्रमाण ६३ टक्के. छोटा अभ्यास, एकाच व्याधीचा, त्यावरून सगळ्याच मालिशीवर निकाल देता येणार नाही. पण मी ते आकडे पहाटे वाचले तेव्हा मला त्या बळकट माणसाचा खूप राग आला, आणि त्याच्याकडे रांगा लावणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांबद्दल पोटात कालवलं.

ही मुलगी पहिल्याच दिवशी आकडा विचारते. दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं. पाचाच्या वर गेलं तर सांगा. आणि माणूस आकडा खरा सांगणार नाही हेही तिला ठाऊक असतं, म्हणून ती त्याचा श्वास ऐकते. श्वास अडकला, पायाची बोटं वळली, कपाळाला आठी पडली की तिचा हात आपोआप हलका होतो. 'तुम्ही श्वास धरलात की स्नायूही धरून बसतो,' ती म्हणाली, 'मग मी कितीही दाबलं तरी आपली दोघींची नुसती कुस्ती.' ती नाही म्हणायलाही कचरत नाही. एका पायाची पोटरी सुजून गरम झाली आहे असं सांगत एकजण आला, तर तिने त्याला हात न लावता थेट सरकारी रुग्णालयात पाठवलं, कारण आत रक्ताची गुठळी असली तर चोळणं जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हाडं ठिसूळ झाल्याचं कुणी सांगितलं आहे का, ताप आहे का, हे ती प्रत्येकाला विचारते. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची आपली व्याख्या सुधारली, आणि तिच्या जोडीला दिलेल्या टिपांत एक साधी गोष्ट लिहिली. माणूस दुखतं असं सांगतो आहे, तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. हे लिहायला जगाला २०२० साल उजाडावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि सांगितलेल्याचा मान ठेवायचा तर आधी कुणीतरी सांगायला हवं. जिला सांगायची सवयच नाही तिचं काय?

निळ्या चपलांची ती काकी मला नंतर एसटी स्टँडवर भेटली. चपला आणि पिशवी यांवरून ओळखलं. मालवणची गाडी लागली नव्हती, पाऊस फलाटावर तिरका येत होता, आम्ही दोघी एका खांबाच्या आडोशाला उभ्या राहिलो. दवाखान्यातलं मी काही काढलं नाही. तिनेही नाही. ती बंदरावर मासे विकते हे तिने सांगितलं. आधी रापणीवर जायची. रापण ओढताना कमरेला दोर टेकवून, पाय वाळूत रोवून, मागे मागे सरकत जायचं असतं, आणि जाळं भरलेलं असो की रिकामं, दोराचं वजन कमरेला सारखंच लागतं. मग टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव. मग आता बर्फाचे खोके उचलणं, आणि दिवसभर बुटक्या पाटावर वाकून बसणं. पावसात बंदी असते तेव्हा लावणी. तरवा काढायचा, चिखलात ओणवं राहायचं, इरल्याखाली पाठ तेवढी कोरडी. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. कुठल्या कामात कुठलं हाड बोलतं, एवढीच तिची सरळ माहिती होती. त्यातल्या एकाही दुखण्याला तिने कधी थांब म्हटलेलं नसणार. जाळं अर्ध्यात सोडता येत नाही. ओहोटी-भरती कुणाच्या कमरेसाठी खोळंबत नाही. भाव पडला की टोपली आणखी एक गाव पुढे न्यावी लागते.

मग तिने मला विचारलं, 'तुजा खंय दुखता?' मी खांदा दाखवला. तिने पिशवी दोन पायांत धरली, हात पदराला पुसला आणि माझ्या मानेखाली, खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या टोकाला अंगठा टेकवला. शोधला नाही, सरळ टेकवला, नेमका तिथंच. त्या जागी माझा स्नायू ओल्या सुंभाच्या गाठीसारखा झाला आहे. अंगठा खरबरीत होता, मिठाने फुटलेला. तिने दाब दिला. 'हंयसर?' मी म्हटलं, 'हो, तिथंच.' तिने थोडा जोर वाढवला आणि माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. त्याबरोबर तिने अंगठा उचलला. ताबडतोब. मग पुन्हा टेकवला, आधीपेक्षा हलका, आणि तसाच ठेवला. गाडी लागेपर्यंत आम्ही तशा उभ्या होतो, गर्दीत, आणि तिला किंवा मला त्याचं काही वाटलं नाही.

ती का रडली हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. मला जे वाटतं ते माझ्यापुरतं लिहिते. दुखणं ती ओळखून होती, त्याची तिला भीती नव्हती. त्याला कुठं धरायचं, कुठं दात दाबायचे, हे सगळं तिच्या अंगाला येत होतं. पण त्या टेबलावर कुणीतरी दुखणं तिच्या ताब्यात दिलं. तू म्हणशील तिथं थांबते, असं सांगितलं, आणि उत्तराची वाट बघितली. आजोबांना जे दर दुपारी आयतं मिळायचं ते तिला एवढ्या वयात पहिल्यांदा मिळालं असेल. माणसाला जे कधी मिळालेलंच नसतं त्याची उणीवही त्याला ठाऊक नसते, ते हातात आल्यावरच कळते. मला तरी माझ्या खांद्यावर तो हात नुसता ठेवला गेला तेव्हा तशीच कळली होती.

हे सगळं एका दवाखान्यात, पडद्याआड, पैसे भरून मिळतं, आणि त्यासाठी तिला मालवणहून गाडी पकडून कुडाळला यावं लागतं, याचा मला आता रोज त्रास होतो. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. त्या दोन महिन्यांत बंदरावरच्या बायकांना सवड असेल असं आपल्याला वाटतं, पण नेमकी तेव्हाच लावणी असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या नियमित जाऊ लागल्या की पुन्हा श्वास घ्यायला फुरसत नाही. ऑक्टोबरात भातकापणी, उन्हाळ्यात आंबा-काजू. कमरेसाठी म्हणून राखून ठेवलेला महिना कोकणातल्या बाईच्या वर्षात नाहीच. कुडाळला जायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की खोक्यातला माल दुसरी विकते. म्हणून मग दुखणं दोन वर्षं मुरतं, आणि शेवटी असह्य झाल्यावर जो कुणी जोरात दाबेल त्याच्याकडे जाणं होतं, कारण एकाच फेरीत काम व्हायला हवं असतं.

मागच्या खेपेला खांदा ताणून झाल्यावर मी त्या मुलीला हे बोलून दाखवलं. आठवड्यातून एक दुपार ती बंदरावर येईल का, बाजार उठल्यावर, बायकांच्या वेळेला. ती तेलाचे हात पुसत ऐकत होती. तिने लगेच हो म्हटलं नाही. टेबल लागेल, म्हणाली, आडोसा लागेल, गरम पाणी लागेल, आणि दुखण्याची तपासणी न करता ती कुणालाही हात लावणार नाही, भले रांग कितीही लांब असो. पैसे किती घ्यायचे हे बायकांनीच ठरवावं, फुकट नको, फुकट असलं तर त्या संकोचाने येणार नाहीत. मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सोमवारी तिचा दवाखाना बंद असतो. आणि सोमवारी आमच्याकडे मासे खाणारे कमी, त्यामुळे बायका लवकर मोकळ्या होतात. जागेचं मी बघते आहे.